दात न पाहता घेतलेला बैल

आमच्या बेळगुंदीत आजोबांच्या पिढीतला शेतकरी बैल घ्यावयास गेला म्हणजे रंग, शिंगे, वशिंड सारे पाही. पण जबडा उघडून पाहिल्याखेरीज सौदा करीत नसे. खालच्या जबड्यातील पुढचे दात जोडीजोडीने येतात. दोन आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठही भरले की बैल जुळला. व्यापाऱ्याने शिंगे साळून, रंगवून आणली तरी दात खोटे बोलत नाहीत, असे आजोबा सांगत. अशा घरात वाढलेल्या मी २०२४ साली लॅपटॉप घेतला, तो मात्र दात न पाहता.

रताळ्यांचे पैसे घरात आले होते. टॅली, एक्सेल आणि अभ्यास एवढ्यापुरते यंत्र हवे होते, म्हणून वापरलेलेच घ्यायचे ठरले. दुकानदार म्हणाला, "आय-सेव्हन आहे. आय-थ्री, आय-फाइव्हच्या वरचा." यंत्रावर तशी चकचकीत चिठ्ठीही होती. बावीस हजार रुपये मोजले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा विंडोज ११ घालावयास गेले, तर यंत्राने साफ नकार दिला. त्या दिवशी मी पहिल्यांदा प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचला : आय ७-७५०० यू.

मित्रहो, यातला पहिला ७ हा नुसता दर्जा आहे. वय सांगतो तो आडव्या रेघेनंतरचा ७. ही सातवी पिढी, २०१६ सालची. माझ्या या प्रोसेसरमध्ये दोनच गाभे. पुढच्याच वर्षी आलेल्या आठव्या पिढीच्या आय ५-८२५० यू मध्ये चार गाभे आहेत, आणि २०२२ सालच्या आय ३-१२१५ यू मध्ये सहा. म्हणजे नावाने धाकटा असलेला आय-थ्री माझ्या थोरल्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो! शिवाय काही थोडे अपवाद सोडले तर विंडोज ११ ची दारे या कंपनीच्या आठव्या पिढीपासूनच उघडतात. एका अंकाने माझे यंत्र दाराबाहेर राहिले.

नंबर वाचणे कठीण नाही, पण त्यात खाचखळगे आहेत. रेघेनंतर चार अंक असून पहिला २ ते ९ असेल, तर तीच पिढी. पहिला अंक १ असेल तर दोन अंक एकत्र वाचावयाचे : ११३५ म्हणजे अकरावी, १२३५ म्हणजे बारावी. १०३५ ला 'पहिली पिढी' समजून नाक मुरडणारेही मी पाहिले आहेत, ती दहावी. सेलेरॉन एन ४०२० मधील ४ पाहून 'चौथी पिढी' म्हणणे हेही तितकेच चूक. त्या घराण्याची मोजणीच निराळी. २०२३ च्या अखेरीस 'अल्ट्रा' नाव आले आणि पुन्हा तीन अंकी नंबर सुरू झाले. तेथे 'कोअर ५ १२०यू' आणि 'कोअर अल्ट्रा ५ १२५यू' ही सख्खी भावंडे वाटतात. पण पहिल्याचा सांगाडा जुन्या तेराव्या पिढीचाच आहे. दुसऱ्या कंपनीच्या रायझेन ५ ७५२०यू मध्ये तर पहिला ७ हा बाजारातल्या वर्षाचा, आणि आतल्या रचनेची पिढी सांगतो तिसरा अंक, २. ती रचना २०१९ सालची. शिंगे साळणे म्हणतात ते हेच.

गंमत अशी की पूर्वी वय कपाळावरच लिहिलेले असे. २८६, ३८६, ४८६ : कोण धाकटा, कोण थोरला हे शाळकरी पोरही सांगे. परंतु १९९१ साली अमेरिकेतील न्यायालयाने '३८६' या आकड्यावर एकाच कंपनीचा हक्क मान्य केला नाही. आकडा कोणीही वापरील, नाव वापरता येणार नाही, म्हणून १९९३ साली पाचव्या पिढीला 'पेंटियम' हे नाव मिळाले. (त्या प्रोसेसरचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा.) नाव पुढे आले आणि आकडा मागे सरला तो तेव्हापासून. त्यात कंपन्यांची सोय झाली. गिऱ्हाइकाची झाली असे मला वाटत नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तर हे अधिक लागावे. आयकराच्या तासाला आपण संगणकावर ४० टक्के घसारा धरावयास शिकतो. साठ हजारांचे यंत्र धरले तर पहिल्या वर्षाअखेर ३६,०००, मग २१,६००, मग १२,९६०. सात वर्षांनी खतावणीत उरतात सुमारे १,६८० रुपये. बाजार खतावणीप्रमाणे चालत नाही हे मलाही कळते. पण बावीस हजार मोजण्यापूर्वी वय विचारावे, एवढे तरी या शिक्षणाने शिकवावयास हवे होते. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १५ म्हणते की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. माझ्या बिलावर वर्णन काय? 'आय-सेव्हन लॅपटॉप, एक नग.' माल वर्णनाशी तंतोतंत जुळतो! तक्रार कशाची करणार? म्हणून माझे मत असे आहे की विक्रेत्याने प्रोसेसरचा संपूर्ण नंबर बिलावर लिहिलाच पाहिजे, आणि आपण तो लिहून घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

वर्गातला एक मित्र म्हणाला, "टॅलीला कशाला हवी नवी पिढी?" अगदी खरे. आठव्या पिढीचे यंत्र आठव्या पिढीच्या भावात मिळाले तर मी आनंदाने घेईन. म्हातारा बैलही हलक्या कामाला घेतातच की. पण तो म्हातारा म्हणून घेतात आणि तसा भाव देतात.

आता खरे सांगावयाचे तर त्या दिवशी मी का विचारले नाही? मराठी शाळेतून आलेली मुलगी. इंग्रजी अक्षरे-आकड्यांची ती ओळ समोर आली आणि आपल्याला कळत नाही हे उघडे पडेल, या भीतीने मान डोलावली. आजोबांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, पण त्यांनी परक्या माणसाच्या बैलाचा जबडा उघडताना कधी संकोच केला नाही.

अलीकडे चुलतबहिणीसाठी यंत्र पाहावयास दोघी गेलो. दुकानदार कन्नडमधून 'आय-फाइव्ह, आय-फाइव्ह' असे सांगू लागला. मी म्हटले, "हेसरु बेड, नंबर हेळ्री." नाव नको, नंबर सांगा. तो हसला. मग यंत्र सुरू करून सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात अबाउट असे उघडायला लावले, कारण वरची चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतो. आय ५-८२५० यू निघाला. सांगितलेली किंमत दोन हजारांनी खाली आली, आणि बहिणीने बिलावर तो नंबर लिहून होईपर्यंत पाकीट उघडले नाही.