अफवेचा केसपेपर

गेल्या महिन्यात ओपीडीत साठीच्या एक बाई आल्या. पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या, घरची भाषा तेलुगू. मधुमेह जुना, आणि साखर तीनशेच्या वर गेलेली. "गोळ्या चालू आहेत ना अम्मा?" असे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज होता. माझे तेलुगू 'कुठं दुखतंय, किती दिवस' यापलीकडे जात नाही. सिस्टरांनी ऐकून सांगितले, "साखरेच्या गोळ्यांनी किडनी जाते, गोळ्या बंद करा, पाल्याचा रस घ्या, असं म्हणतोय." बाईंनी तीन आठवड्यांपूर्वीच गोळ्या सोडल्या होत्या.

खरे तर किडनी खराब होते ती बहुधा आटोक्यात नसलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. किडनी आधीच कमजोर असेल तर काही गोळ्यांचा डोस कमी करावा लागतो किंवा गोळी बदलावी लागते, पण ते तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचे. हे त्यांना समजावले आणि केसपेपरवर सवयीने लिहिले, 'औषधे अनियमित'. ते दोन शब्द मला दिवसभर खटकत राहिले. बाईंनी सल्ला अगदी काटेकोर पाळला होता. तो आमचा नव्हता, एवढेच.

एखाद्या वस्तीतून जुलाबाचे चार रुग्ण आले तर पाणी कुठल्या नळाचे, हे आम्ही पहिल्यांदा विचारतो. मेसेज कुठून आला, हे विचारत नाही. या प्रश्नाचे शास्त्र मात्र आहे. गुंथर आयझेनबाख यांनी २००२ मध्ये त्याला 'इन्फोडेमिऑलॉजी' हे नाव दिले आणि २०२० मध्ये करोनाच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ते उचलून धरले. अडचण अशी, की यातले बरेचसे संशोधन ट्विटरसारख्या उघड्या माध्यमांवर झाले, कारण तिथले लिखाण कुणालाही गोळा करता येते. आमचे रुग्ण व्हॉट्सॲपवर असतात. तिथले संदेश २०१६ पासून कुलूपबंद आहेत, बाहेरच्या माणसाला ते वाचता येत नाहीत. ते असायलाही हवे, रुग्णाच्या खासगीपणाची किंमत डॉक्टरला सांगायला नको. मग उरतो एकच मार्ग, माणसाशेजारी बसून त्याला विचारण्याचा.

न विचारण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट असलेले, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

शकुंतला बानाजी आणि राम भट या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या माध्यम-अभ्यासकांनी अशा हिंसेमागच्या संदेशांचा अभ्यास महाराष्ट्रासह चार राज्यांत केला. २०१९ मध्ये आलेला त्यांचा अहवाल मी उशिरा वाचला आणि माझी एक समजूत मोडली. लोक अडाणी आहेत, मोबाइल नीट समजत नाही, म्हणून ते विश्वास ठेवतात असे मला वाटे. अहवाल म्हणतो, हे कारण पुरेसे नाही. संदेश पाठवणारा आपल्या विश्वासातला असतो, आणि ज्यांच्याबद्दल तो असतो त्यांच्याविषयी मनात पूर्वग्रह आधीच मुरलेला असतो. शिकलेली माणसेही पुढे पाठवतात. (आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर येणारे उपाय कधीतरी छापले पाहिजेत!)

आणि मोबाइल नव्हता तेव्हा? ऑक्टोबर १८९६ मध्ये, प्लेगच्या साथीत, मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती चाळीचाळींतून पसरली होती. ती नुसती अज्ञानातून आलेली नव्हती. घरातून माणसे उचलून नेणारे सरकार परके होते, आणि नेलेल्यांपैकी बरेच जण खरोखरच परतत नव्हते.

मग हे काम करायचे कुणी? मुंबईच्या 'पुकार' संस्थेने एक वाट दाखवली आहे. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई तिचे संस्थापक. संशोधन ही तज्ज्ञांची मिरासदारी नसून सामान्य माणसाचाही हक्क आहे, अशी मांडणी त्यांनी २००६ च्या एका निबंधात केली. 'पुकार'ने कौला बंदर या बंदराकाठच्या वस्तीत तिथल्याच तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन पाणी, आजार, मानसिक ताण यांची पाहणी केली. सरकार दरबारी अधिसूचित नसल्याने वस्तीला पाण्याची हक्काची जोडणी नव्हती, पाइपातून येणारे पाणी विकत घ्यावे लागे. ही पाहणी पुढे आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आली. दार उघडणाऱ्या बाईला प्रश्न विचारणारी मुलगी ओळखीची होती, हे माझ्या मते त्यातले अर्धे शास्त्र.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत आजार सांगितला जातो. केगावच्या विद्यापीठात जनसंज्ञापन विभाग आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषध वैद्यकशास्त्राचा विभाग आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंधाचे विषय हवे असतात. वैद्यकीय शिक्षकांना तर बढतीसाठी शोधनिबंध लागतातच, आणि त्यापायी लिहिलेले कितीतरी निबंध लिहिणाऱ्याशिवाय कुणी उघडत नाही. मीही त्यात भर घातली आहे. त्याऐवजी चार भाषा येणारी मुले विडी कारखान्यांत आणि यंत्रमागांच्या गल्ल्यांत जाऊन, संमती घेऊन, नाव न लिहिता, 'या महिन्यात तब्येतीबद्दल काय ऐकलं, कुणाकडून?' एवढे विचारत हिंडली, तर वर्षभरात शहराच्या अफवांचा नकाशा हाती येईल. त्यातली उत्तरे त्याच भाषांत, त्याच गल्ल्यांत परत द्यावी लागतील, इंग्रजी नियतकालिकात नव्हे.

परवानग्या निघायला वेळ लागेल. तोवर मी माझ्या केसपेपरवर 'औषधे अनियमित'च्या खाली एक ओळ वाढवली आहे, 'कुणाचे ऐकून'. त्या बाईंच्या कागदावर पुढच्या भेटीत ती भरली. मेसेज त्यांच्या जावेने पाठवला होता. जावेला मधुमेह आहे, आणि तिनेही गोळ्या सोडल्या आहेत. येत्या सोमवारी बाई तिला घेऊन येणार आहेत.