७७७ देण्याआधी डिरेक्टरी बघा

‘परमिशन डिनाइड’ आलं की सीएचमॉड ७७७ मारून मोकळं व्हायचं, ही सवय कॉलेजच्या लॅबमध्ये लागते आणि नोकरीतल्या सर्व्हरपर्यंत जाते. काम चालू झालं की कुणी पुढे विचारत नाही. मला ही सवय घातक वाटते. फाइलच्या परवानग्या पोरांना पाठ असतात. डिरेक्टरीच्या मात्र कुणी नीट शिकवलेल्याच नसतात.

युनिक्समध्ये डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी. प्रत्येक नावापुढे एक आयनोड क्रमांक. मालक कोण, ग्रुप कुठला, परवानग्या काय, ही नोंद त्या आयनोडमध्ये असते. फाइल उडवणं म्हणजे यादीतलं नाव खोडणं, आणि त्यासाठी यादीवर लिहिण्याचा हक्क लागतो, फाइलवर नव्हे. म्हणून रूटच्या मालकीची ६०० ची फाइल तुमच्या होम डिरेक्टरीत असेल, तर तिच्यातलं एक अक्षर तुम्हाला वाचता येणार नाही. पण आरएम द्या, तो एकदा विचारेल, हो म्हणा, फाइल गेली!

आता हेच उलट बाजूने बघा. वेबसाइटची पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल ६०० करून ठेवली, पण ती ज्या डिरेक्टरीत आहे तिला ७७७ दिलं. त्या मशीनवरचा, तिथपर्यंत पोचू शकणारा कुठलाही युजर त्या फाइलचं नाव बदलून तिच्या जागी स्वतःची फाइल ठेवू शकतो. कुलूप शाबूत, दारच बदललेलं.

सगळ्यांना लिहिता येईल अशी डिरेक्टरी खरोखर लागते तेव्हा काय करायचं, हे युनिक्सनेच दाखवलंय. ‘टीएमपी’ची परवानगी १७७७ असते. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट: फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि रूट सोडून कुणाला ती खोडता येत नाही.

एक्सचंही तसंच. डिरेक्टरीवर एक्स म्हणजे आत शिरण्याची मुभा. ७११ दिलं तर इतरांना यादी दिसत नाही, पण नाव ठाऊक असलेल्या फाइलपर्यंत जाता येतं.

चौघांनी मिळून काम करायचं असेल तर त्यांचा ग्रुप करा, डिरेक्टरी त्या ग्रुपच्या नावे करा आणि २७७० द्या. पुढच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच ग्रुपची होते. चौघांचा यूमास्क ००२ हवा. ०२२ राहिला तर नव्या फाइलीत ग्रुपला लिहिता येत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि लॅबच्या पहिल्याच तासाला ते प्रत्येकाकडून करून घेतलं पाहिजे.