दुसरा खर्डा कोणाला परवडतो?

मराठी समीक्षेत निर्मितिप्रक्रियेची चर्चा विपुल झाली आहे. निर्मितीला लागणाऱ्या वेळेची मात्र क्वचितच. अनुभव, प्रतिभा, घाट ही पदे सिद्धान्तात मानाने बसतात. नोकरी, भाड्याची खोली, संपादकाने ठरवून दिलेली तारीख आणि पृष्ठसंख्या यांची रवानगी चरित्राच्या प्रकरणात होते. ही विभागणी निरुपद्रवी नाही. परिस्थितीने घातलेली मर्यादा तिच्यामुळे लेखकाच्या प्रतिभेची मर्यादा म्हणून नोंदली जाते.

अण्णा भाऊ साठे यांच्याबाबत हेच घडले. मुंबईत गिरणीकामगार म्हणून राबलेल्या, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या या लेखकाने १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. योगायोगांचा सोस, सैल बांधणी हे दोष त्यांच्या पदरी घालण्यात आले. दोष असतीलही, पण त्यांची कारणमीमांसा करताना समीक्षा अचानक मुकी होते. पहिला खर्डा बाजूला ठेवून काही महिन्यांनी तो परक्याच्या नजरेने वाचणे, निम्मा खोडणे, पुन्हा लिहिणे ही कादंबरीकाराची खरी कारागिरी. तिला सवड लागते, आणि हातावर पोट असलेल्याला ती मिळत नाही. जी. ए. कुलकर्णी यांना धारवाडच्या महाविद्यालयातील अध्यापनाचा आधार होता. याने त्यांच्या कथेची योग्यता तिळमात्र उणावत नाही. त्या घट्ट विणीमागे निव्वळ प्रतिभा आहे, हे गृहीतक तेवढे डळमळते.

यावर आक्षेप घेतला जाईल की, साहित्यकृती स्वायत्त असते. वाचकापुढे संहिता असते, लेखकाचा दिनक्रम नव्हे. आक्षेप वजनदार आहे. हलाखीपोटी गुण वाढवून देणारी समीक्षा लेखकाचा अपमानच करते. परंतु दिनक्रम संहितेत उतरतो, त्याचे काय? हरि नारायण आपटे यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूने आपली कहाणी आठवेल तशी सांगत जाणे, मध्येच थांबून वाचकाला जवळ घेणे, ही निवेदनरीत हप्त्याला सोयीची होती. एका मुक्या केलेल्या आयुष्याला वाचा देणारीही होती. येथे मुदतीचा काच घाटाचाच घटक बनला. तो वगळून केलेले घाटाचे विश्लेषण अपुरे ठरते.

म्हणून प्रश्न सहानुभूतीचा नसून पद्धतीचा आहे. कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली अशी ठरीव प्रकरणे पाडणाऱ्या प्रबंधांनी हप्ता आणि पुस्तक, दिवाळी अंकातील कथा आणि संग्रहातील कथा यांतील पाठभेद ताडून पाहावेत. हस्तलिखिते रद्दीत जाण्यापूर्वी मिळवावीत. हे कष्टाचे काम आहे. ते न करता 'रचनाशैथिल्य' हा शेरा मारणाऱ्या समीक्षकाने तो आधी स्वतःच्या चौकशीला लावून पाहावा.