गव्हर्नरास परत बोलाविणारे लोक आणि आपण



मत देण्याचा हक्क आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु एकदा दिलेले मत मुदत संपण्यापूर्वीच परत घेण्याचाही एक हक्क जगात आहे. अमेरिकेतील काही राज्यांत लोकांनी निवडलेल्या गव्हर्नरास लोकच मध्येच परत बोलावू शकतात. ठरावीक संख्येने सह्या गोळा झाल्या की पुन्हा निवडणूक घ्यावी लागते. आपल्या देशातही असा हक्क असावा, अशी मागणी अधूनमधून होते व ती ऐकावयास गोड वाटते. परंतु कानाला गोड लागणारी प्रत्येक गोष्ट अल्पसंख्य व दुर्बल समाजाच्या हिताची असतेच असे नाही. म्हणून हा हक्क जेथे प्रत्यक्ष वापरला गेला, तेथील जनतेने त्यास काय उत्तर दिले, हे आपण पाहिले पाहिजे.

आरंभी एक भेद ध्यानी घ्यावा. आपल्या राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात व त्यांची मर्जी असेतोवर ते पदावर राहतात. जनतेच्या मताशी त्या पदाचा प्रत्यक्ष संबंध नाही. अमेरिकेतील गव्हर्नर मात्र थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो व राज्याचा सारा कारभार त्याच्या हाती असतो. आपल्या मुख्यमंत्र्यास विधानसभा अविश्वासाच्या ठरावाने कोणत्याही अधिवेशनात खाली उतरवू शकते. तेथील कायदेमंडळास गव्हर्नराविरुद्ध असा ठराव करता येत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना हाच भेद विशद केला होता. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक व जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत राज्यकर्त्यांची झडती रोजच्या रोज घेतली जाते आणि निवडणुकीच्या वेळीही घेतली जाते. म्हणून आपण जबाबदारीस अधिक महत्त्व दिले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. गव्हर्नरास परत बोलाविण्याची तरतूद ही त्या रोजच्या झडतीची उणीव भरून काढण्याचा अमेरिकेतील काही राज्यांचा प्रयत्न होय.

हे शस्त्र फार वेळा चाललेले नाही. गव्हर्नराविरुद्ध अशी निवडणूक अमेरिकेच्या इतिहासात आजवर चारच वेळा झाली. १९२१ साली नॉर्थ डाकोटाचे लिन फ्रेझियर व २००३ साली कॅलिफोर्नियाचे ग्रे डेव्हिस पदावरून गेले. २०१२ साली विस्कॉन्सिनचे स्कॉट वॉकर व २०२१ साली कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम टिकले. या चारांपैकी विस्कॉन्सिनची हकीकत आपल्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. कारण तेथील झगडा कामकरी माणसाच्या संघटनेच्या हक्कावरून पेटला होता.

विस्कॉन्सिनचे नाव कामगार चळवळीत मोठे आहे. सरकारी नोकरांची जी मोठी संघटना पुढे साऱ्या अमेरिकेत पसरली, तिचा जन्म १९३० नंतरच्या दशकात याच राज्याच्या मॅडिसन या राजधानीत झाला. नगरपालिकांच्या नोकरांस संघटितपणे वाटाघाट करण्याचा हक्क कायद्याने देणारे पहिले राज्यही हेच. ते साल १९५९. अशा राज्यात २०११ च्या फेब्रुवारीत नव्याने निवडून आलेल्या वॉकर यांनी एक विधेयक आणले. शिक्षक, कारकून, परिचारिका, सफाई कामगार अशा बहुतेक सरकारी नोकरांनी मूळ पगाराखेरीज कशाचीही सामुदायिक वाटाघाट करू नये. संघटनेची वर्गणी पगारातून कापली जाऊ नये. आणि प्रत्येक संघटनेने दरवर्षी मतदान घेऊन आपले अस्तित्व पुन्हा सिद्ध करावे, असा त्याचा आशय होता. पोलीस व अग्निशामक दल यांना मात्र या बंधनांतून वगळले होते. एकाच सरकारच्या नोकरांत अशी दुफळी पाडण्याची युक्ती आपणांस नवी वाटू नये. ज्यांना जातीच्या उतरंडीचा अनुभव आहे, त्यांना तिची ओळख सांगावी लागत नाही.

जनतेचा क्षोभ उसळला. थंडीच्या कडाक्यात हजारो लोकांनी राजधानीचे विधानभवन व्यापले. कित्येक जण रात्री तेथील फरशीवर झोपले. विधेयकास लागणारी गणसंख्या पुरी होऊ नये म्हणून विरोधी पक्षाचे १४ सिनेटर शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले. तरीही मार्चमध्ये कायदा झाला. मग लोकांनी परत बोलाविण्याचा मार्ग धरला. साठ दिवसांत सुमारे ५ लक्ष ४० हजार सह्या हव्या होत्या. प्रत्यक्षात ९ लक्षांहून अधिक सह्या वैध ठरल्या. विजय हाती आला, असे अनेकांस वाटले.

परंतु ५ जून २०१२ रोजी मतमोजणी झाली, तेव्हा वॉकर यांना सुमारे १३ लक्ष ३५ हजार व त्यांचे प्रतिस्पर्धी, मिलवॉकीचे महापौर टॉम बॅरेट यांना सुमारे ११ लक्ष ६४ हजार मते पडली होती. दीड वर्षापूर्वीच्या निवडणुकीतही हेच दोघे समोरासमोर होते. जो गव्हर्नर काढावयाचा म्हणून राज्य ढवळून निघाले, तो अधिक मते घेऊन परत आला. परत बोलाविण्याच्या निवडणुकीत टिकून राहिलेला अमेरिकेतील तो पहिला गव्हर्नर ठरला.

हे कसे घडले? एक उत्तर असे, की पैशाने घडविले. हे उत्तर अर्धे खरे आहे. सह्या गोळा होत असताना ज्याच्यावर गदा आली आहे त्याने देणग्यांची कमाल मर्यादा ओलांडली तरी चालेल, अशी तेथील कायद्यात पळवाट होती. वॉकर यांनी तिचा पुरेपूर लाभ घेतला व प्रतिस्पर्ध्याच्या कित्येक पट निधी उभा केला. धनिकाचे शंभर डॉलर व शिक्षिकेचा एक डॉलर एकाच तराजूत पडले, की काटा कोणीकडे झुकतो हे सांगावयास नको.

परंतु उरलेले अर्धे सत्य अधिक विचार करावयास लावणारे आहे. मतदान करून बाहेर पडणाऱ्या लोकांस विचारले असता दहांपैकी सुमारे सहा जणांनी सांगितले, की गैरवर्तन घडले असेल तरच अधिकाऱ्यास मध्येच परत बोलवावे; निव्वळ धोरण पटत नाही म्हणून नव्हे. संघटित कामगारांच्या घरांतूनही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मते वॉकर यांच्याकडे गेली. म्हणजे पुष्कळ मतदारांनी त्या दिवशी कायद्याचा निवाडा केलाच नाही. त्यांनी निवाडा केला तो साधनाचा. नेमलेल्या मुदतीच्या मध्येच मांडलेला डाव त्यांना रुचला नाही. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला, घराघरांत तट पडले, याचाही त्यांना वीट आला होता.

आता आपण विचारावे: ही जनता बरोबर होती की चूक? आमचे मत असे, की साधनासंबंधी ती बरोबर होती, पण तिच्या त्या विवेकाची किंमत दुर्बलांनी भरली. गव्हर्नर राहिला, कायदा राहिला, आणि संघटनांची सभासद संख्या झपाट्याने उतरली. २०१८ च्या नेहमीच्या निवडणुकीत वॉकर एका टक्क्याहून थोड्या अधिक फरकाने हरले, तेही शिक्षकी पेशातून पुढे आलेल्या टोनी एव्हर्स यांच्याकडून. पण गव्हर्नर गेल्याने कायदा गेला नाही. त्याचा वाद पुढेही न्यायालयांत चालू राहिला. माणूस बदलला म्हणजे हक्क परत मिळतो, हा भ्रम आहे.

या हक्काची किंमत आपण ओळखली पाहिजे. अमेरिकेतील निग्रो समाजास, ज्याला आज कृष्णवर्णीय म्हणतात, खाजगी मालकाने दार लावले तेव्हा सरकारी नोकरीनेच स्थिर घर व मुलांची शाळा दिली. १९६८ साली मेम्फिस शहरातील कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात घालून संप केला, तो याच मॅडिसनमध्ये जन्मलेल्या संघटनेच्या झेंड्याखाली. त्यांना पाठिंबा देण्यास गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी तेथेच प्राण गमावले. आपल्या कित्येक घरांचा इतिहास याहून निराळा आहे काय? बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकास कडाडून विरोध केला व ७ नोव्हेंबरचा संप घडवून आणला. १९४३ साली मजूर मंत्री म्हणून मालकांनी कामगार संघटनांस मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक मांडले. झाडूवाल्याच्या व गिरणी कामगाराच्या हाती संघटनेवाचून दुसरे बळ नाही, हे त्यांनी जाणले होते.

मग परत बोलाविण्याचा हक्क आपण मागावा काय? येथे आपल्या गावाकडे पाहा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सरपंचपदे अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. आपल्या समाजातील माणूस, कित्येकदा आपली भगिनी, त्या खुर्चीवर बसू लागली. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव केला, तर तो आपल्या राज्यात ग्रामसभेपुढे जातो. मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांत नगराध्यक्षास मतदानाने परत बोलाविण्याची तरतूद झाली. आता सांगा, ज्या गावात आपली घरे वीस व इतरांची दोनशे, तेथे कारण न देता परत बोलाविण्याचा हक्क कोणाच्या हाती पडेल? राखीव जागेने जे दिले, ते बहुसंख्यांची नाराजी एका दिवसात काढून घेईल. ज्याने गावकीची जमीन मोकळी करण्याचा प्रयत्न केला, त्याच्याविरुद्ध सह्या गोळा व्हावयास फार दिवस लागत नाहीत.

या बाबतीत आपल्या धम्माची शिकवण स्पष्ट आहे. भिक्षुसंघात एखाद्यावर दंडकर्म करावयाचे असेल, तर ते त्याच्या समक्ष व्हावे, त्याचा अपराध त्यास सांगितला जावा, त्यास प्रश्न विचारले जावेत, असा विनयाचा दंडक आहे. आरोपीच्या पाठीमागे, त्याला न विचारता केलेले कर्म बहुमताने झाले तरी ते अधर्मकर्मच, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. संघात मते शलाकांनी मोजली जात. पण शलाका मोजण्याआधी कारण तपासले जाई. विस्कॉन्सिनच्या दहांपैकी सहा मतदारांनी जे अनुभवाने ओळखले, ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी नियमात बांधले होते.

तेव्हा आमचे स्पष्ट म्हणणे असे. परत बोलाविण्याचा हक्क कोणी मागत असेल, तर त्यास तीन प्रश्न विचारा. कोणत्या अपराधासाठी? कोणाच्या चौकशीनंतर? आणि राखीव जागेवरील प्रतिनिधीस कोणते संरक्षण? या तिहींचे उत्तर मिळेपर्यंत आपली सही देऊ नका. ग्रामसभेची नोटीस लागली, की घरातील स्त्रीपुरुष सर्वांनी सभेस जावे, आपल्या सरपंचावरील आरोप लेखी मागावा व त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. तो खरोखर दोषी असेल तर त्याला पाठीशी घालू नये. आपला आहे म्हणून दोष झाकणे हाही अधर्मच आहे. पण दोष सिद्ध झाल्यावाचून त्यास एकटे सोडू नये.

आणि केवळ निवडणुकीवर विसंबू नका. विस्कॉन्सिनच्या लोकांनी नऊ लक्ष सह्या जमविल्या, पण सही करणे सोपे असते. संघटनेची वर्गणी दरमहा भरणे, सभेस नेमाने जाणे व शेजाऱ्याचे मन वळविणे कठीण असते. दुर्बलांचे हक्क अखेर या कठीण कामावरच टिकतात.