नादाचें मोल

हौसेला मोल नसतें, असें आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं हौस म्हणजे फार तर एखादी पैठणी, चंदनी पाट किंवा बैठकींतील झुंबर. सांप्रत घरबसल्या उत्तम गायन-वादन ऐकण्याच्या हौसेस बाजारानें जें मोल लावलें आहे तें पाहिलें, म्हणजे ती म्हण पुन्हां एकदां तपासून पाहणें प्राप्त होतें. उंची प्रतीच्या ‘हाय-फाय’ स्पीकरांच्या किंमती अशा वाढत गेल्या आहेत कीं, सुखवस्तु मध्यमवर्गीयाच्या आटोक्यांत येऊं पाहणारी ही वस्तु पुन्हां त्याच्या हातून निसटूं लागली आहे. हा प्रश्न केवळ श्रीमंतांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. सुशिक्षित घरांतील कर्ते तरुण असले स्पीकर हप्त्यानें घरीं आणूं लागले आहेत, आणि हप्ता मात्र साऱ्या कुटुंबाच्या पिशवींतून जातो. म्हणून ह्या खेपेस ह्या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही वस्तु आहे तरी काय, तें पाहूं. जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्या दोघां इंजिनियरांनीं १९२५ सालीं जो स्पीकर विद्वानांपुढें मांडला, त्याचीच रचना आजच्या बहुतेक स्पीकरांत आढळते. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें लहानसें वेटोळें असतें व त्यास कागदाचा शंकु जोडलेला असतो. वेटोळ्यांतून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला म्हणजे तें मागें-पुढें हालतें, शंकु हवा ढकलतो, आणि आपणांस स्वर ऐकूं येतो. कागदाच्या जागीं आतां कोठें रेशीम, कोठें ॲल्युमिनियम, तर कोठें कृत्रिम हिराहि आला आहे. पण तत्त्व तेंच. एवढें करूनहि घरगुती स्पीकरास आपण जी वीज पुरवितों तिचा शेंकडा एक भाग ध्वनिरूप झाला तरी पुष्कळ. बाकीची उष्णतेंत जाते.

ह्या साध्या यंत्राची खरी अडचण खर्जांत आहे. स्वर एक सप्तक खालीं न्यावयाचा, तर तेवढ्याच जोरासाठीं चौपट हवा हालवावी लागते. म्हणून पूर्वींचे चांगले स्पीकर कपाटाएवढे असत. पॉल क्लिप्श ह्यांनीं अमेरिकेंतील होप ह्या लहानशा गांवीं १९४६ पासून जो ‘क्लिप्शहॉर्न’ विकावयास काढला, तो खोलीचा एक कोपरा सबंध व्यापून बसे. १९५४ सालीं एडगर विल्चर ह्यांनीं बंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगेसारखा उपयोग करून, पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा पेटींतून भारदस्त खर्ज काढून दाखविला. त्यांच्या ‘अकूस्टिक रिसर्च’ कंपनीनें १९६० च्या सुमारास जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर चार वादकांची ‘फाइन आर्ट्स क्वार्टेट’ ही मंडळी वाजवीत असे, आणि मध्येंच ती नुसते हात हालवी व वादन स्पीकरांतून येई. हा बदल कोणत्या क्षणीं झाला हें श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या ध्यानांतहि येत नसे. ह्याच कंपनीचा एक लहान स्पीकर १९६५ च्या सुमारास साठ डॉलरांच्या आंत मिळत असे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत बी.बी.सी.च्या संशोधन खात्यानें फिरत्या ध्वनिक्षेपण-गाड्यांसाठीं ‘एल.एस. ३/५ ए’ नांवाचा बुटांच्या खोक्याएवढा स्पीकर सिद्ध केला, व परवाने घेऊन कंपन्यांनीं तो घरोघर पोंचविला. तात्पर्य, त्या काळीं शास्त्राचा ओघ उत्तम वस्तु लहान व स्वस्त करण्याकडे होता.

आतां चित्र उलट झालें आहे. बॉवर्स ॲण्ड विल्किन्स ह्या इंग्रज कंपनीचेंच उदाहरण घेऊं. तिच्या लहान ‘८०५ डायमंड’ स्पीकरांची जोडी २०१० सालीं अमेरिकेंत ५,००० डॉलरांस मिळे. २०२१ सालीं त्याच मालिकेंतील ‘८०५ डी-४’ ही जोडी ८,००० डॉलरांस निघाली. मोठ्या जोडीची किंमत ह्याच अवधींत २४,००० डॉलरांवरून ३५,००० वर गेली. ह्या अकरा वर्षांत अमेरिकेंतील सर्वसाधारण महागाई शेंकडा २४ च्या सुमारास वाढली. लहान स्पीकर मात्र शेंकडा ६० नीं महागला. आपल्या दृष्टीनें हिशेब आणखी कठीण आहे. २०१० सालीं डॉलर सुमारें ४६ रुपयांस होता, २०२१ सालीं ७४ रुपयांस. म्हणजे जी जोडी २ लक्ष ३० हजारांची, ती ५ लक्ष ९२ हजारांची झाली. जहाजभाडें, आयातकर, जी.एस.टी. व विक्रेत्याचा नफा हे त्यावर वेगळेच. बी.बी.सी.च्या त्या खोक्याएवढ्या स्पीकराच्या नव्या आवृत्तीसहि आज जोडीस दोन हजार पौंडांहून अधिक पडतात. आणि शिखर पाहावयाचें तर अमेरिकेंतील ‘विल्सन ऑडिओ’नें बाजारांत आणलेली ‘वॅम मास्टर क्रोनोसोनिक’ ही जोडी पाहावी. तिची किंमत २०१७ सालीं ६ लक्ष ८५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें जवळ जवळ साडेचार कोटी रुपये होती.

ही वाढ कशानें झाली? कारखानदारांवर सारा दोष लादणें न्यायाचें होणार नाहीं. कच्च्या मालाचे भाव ह्या धंद्यास वेळोवेळीं हादरे देत आले आहेत. १९७८ सालीं आफ्रिकेंतील झाईरच्या शाबा प्रांतांत दंगल उसळली आणि कोबाल्ट दुर्मिळ झालें. तेव्हां कोबाल्टयुक्त चुंबक सोडून बहुतेक कारखान्यांस फेराइटचे चुंबक धरावे लागले. चीननें नियोडिमियमसारख्या दुर्मिळ धातूंच्या निर्यातीस आळा घातल्यावर २०११ सालीं पुन्हां तसाच प्रसंग आला. शिवाय पेटी थरथरली तर तिचाहि आवाज गाण्यांत मिसळतो, म्हणून ती जड व घट्ट करावी लागते. जडपणास लांकूड, मजुरी आणि भाडें लागतें.

परंतु ह्याहून मोठें कारण गिऱ्हाइकांच्या पालटांत आहे. मोबाइल, कानांत घालावयाचीं लहान यंत्रें आणि बिनतारी डबे ह्यांनीं सामान्य श्रोत्याची गरज थोडक्यांत भागविली. मधला ग्राहक निघून गेल्यावर, थोड्या जणांस थोडे नग फार किंमतीस विकावे, हाच मार्ग पुष्कळ कारखानदारांस सोयीचा वाटला. आणि येथें एक चमत्कारिक न्याय लागू पडतो. थॉर्स्टीन व्हेब्लेन ह्या अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालींच दाखवून दिलें होतें कीं, कांहीं वस्तूंची महागाई हाच त्यांचा गुण मानला जातो. अशा वस्तूची किंमत उतरविली तर गिऱ्हाईक संशय घेतें.

मग जितके पैसे तितका सुस्वर, असें आहे काय? ह्याची परीक्षा झालेली आहे. १९९४ सालीं फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह ह्या दोघां संशोधकांनीं हार्मन कंपनींतील चाळीस नोकरांस चार स्पीकर ऐकविले. एकदां डोळ्यांसमोर ठेवून, एकदां पडद्याआड. समोर दिसत असतां मोठ्या, महाग व आपल्याच कंपनीच्या स्पीकरांस लोकांनीं भरघोस गुण दिले. पडदा पडतांच तें अंतर पुष्कळ कमी झालें, आणि स्वस्त व लहान स्पीकर वर चढला. ऐकणारे लोक त्याच धंद्यांतले होते, हें येथें विसरतां कामा नये. डोळा कानास किती सहज फसवितो, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्या संगीताच्या दृष्टीनेंहि एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पुरुषाच्या तंबोऱ्यांतील खर्जाची तार सेकंदास सामान्यतः साठ ते ऐंशी कंपनें पावते. चाळिसांच्या खालचें सप्तक हें मोठ्या चर्च-ऑर्गनचें किंवा यांत्रिक ढोलांचें. ख्याल-ठुमरीस त्याचें फारसें काम पडत नाहीं. आणि पैसा अतोनात लागतो तो ह्याच खालच्या सप्तकासाठीं. तसेंच १९३७ सालीं निवर्तलेल्या अब्दुल करीमखांसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांत जे बारीक स्वरांश त्या काळच्या यंत्रास टिपतांच आले नाहींत, ते आजचा कोट्यवधींचा स्पीकर कोठून आणणार? शिवाय वयाचा एक विनोद आहेच. पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांस वरचे बारीक आवाज ऐकूं येईनासे होतात; म्हणजे पैसा हातीं येतो तेव्हां कान थोडासा निघून गेलेला असतो.

मध्यंतरीं एका वाचकभगिनीनें आम्हांस पत्र लिहिलें. घरांत मामंजी, सासूबाई, दोन बिऱ्हाडें व मुलें एकत्र आहेत. धाकटे भाऊजी सहा लक्षांचे स्पीकर हप्त्यानें घेऊं म्हणतात. मामंजींचें म्हणणें असें कीं, आम्हीं जन्मभर रेडिओवर गाणें ऐकलें, आमचें काय अडलें? आणि ह्याच वर्षीं बाईंच्या मुलीस इंजिनियरिंगच्या कॉलेजांत घालावयाचें आहे. कोणाचें म्हणणें बरोबर, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या मतें दोघांचेंहि अर्धें बरोबर आहे. मामंजींनीं हें मान्य करावें कीं चांगला स्पीकर ही चैन नसून एक प्रकारचें शिक्षण आहे. तानेंतील कण, तबल्याच्या शाईचा नाद, गायकाचा श्वास ह्या गोष्टी मोबाइलच्या डबीतून मुलांच्या कानीं कधींच पडणार नाहींत, आणि ज्या कानांनीं त्या ऐकल्या नाहींत ते कान पुढें मैफलींत बसूनहि उपाशी राहतील. भाऊजींनीं हें मान्य करावें कीं, ही भूक भागविण्यास सहा लक्ष लागत नाहींत. शास्त्र मध्यंतरीं झोंपीं गेलेलें नव्हतें. मापनयंत्रें व संगणक ह्यांमुळें लक्ष-सव्वा लक्षांतील चांगले स्पीकर आज पूर्वींच्या कित्येक नामांकित स्पीकरांच्या तोडीचे झाले आहेत. त्यापुढील प्रत्येक लक्षास लाभ कमी कमी होत जातो. मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस काढलेल्या रकमेस मात्र कोणीहि हात लावूं नये. हौस एक वर्ष थांबूं शकते, प्रवेश थांबत नाहीं.

ज्यांस खरेदी करावयाचीच आहे त्यांनीं आपल्या पाठ असलेल्या दोन-चार ध्वनिमुद्रणांसह दुकानीं जावें, किंमत आधीं विचारूं नये, आणि दुकानदार ऐकेल तर मध्यें एखादें पातळसें कापड धरवून दोन जोड्या सारख्याच आवाजावर ऐकाव्या. किंचित् मोठा वाजणारा स्पीकर नेहमीं अधिक गोड वाटतो. जुना स्पीकरहि त्याज्य समजूं नये. मात्र शंकूच्या कडेचा फोम कुजलेला नाहीं ना, तें बोटानें पाहावें. घरीं आणल्यावर तो भिंतीपासून हातभर पुढें ठेवावा, व खोलींत सतरंजी, पडदे, पुस्तकांचीं कपाटें असूं द्यावीं. उघड्या फरशीच्या रिकाम्या खोलींत लाखाचा स्पीकरहि हजाराचा वाटतो.

आणि एक शेवटची सूचना. जी वस्तु सर्वांच्या पैशानें येते ती एकाच्या बंद खोलींत जाऊं नये. तिची जागा माजघरांत किंवा दिवाणखान्यांत असावी. रात्रीचें जेवण आटोपल्यावर आजोबांनीं निवडलेली एक चीज व नातवानें निवडलेलें एक गाणें, दोन्ही सर्वांनीं बसून ऐकावीं. असें घडत असेल तर आम्ही कोणासहि हिशेब विचारणार नाहीं.