विश्लेषण : वीज गेली की लॅपटॉपचे वाय-फाय का अडखळते?

फार्मर आयडी, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, पीकविमा अशी अनेक कामे आता सेवा केंद्रातील लॅपटॉपवर येऊन ठेपली आहेत. मुखेडसारख्या डोंगराळ तालुक्यात वीज गेली, की लॅपटॉप बॅटरीवर आणि राउटर इन्व्हर्टरवर काम सुरू ठेवले जाते. तरीही कधी इंटरनेट रेंगाळते, ओटीपीची मुदत टळते आणि रांगेतल्या माणसाला पुन्हा फेरी पडते. दोष ‘नेटवर्क नाही’ असे म्हणून मोबाइल कंपनीवर किंवा सरकारी फायबरवर ढकलला जातो. पण काही वेळा कारण लॅपटॉपमध्येच असते : नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमधील वीजबचतीच्या सोयीत.

ड्रायव्हरचे काम काय?

ऑपरेटिंग सिस्टीम आणि कार्ड यांच्यातील दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. कार्डला माहिती पाठव, घे, थांब हे आदेश तोच देतो. काम नसताना कार्डला कमी विजेच्या अवस्थेत नेणे आणि गरज पडताच जागे करणे, हीही त्याचीच जबाबदारी. लिनक्समध्ये यंत्रणा चालू असतानाच एखादे उपकरण झोपवण्याची सामायिक चौकट डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३२ या आवृत्तीपासून आहे. चौकट सामायिक असली, तरी तिचा उपयोग कसा करायचा हे प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरला स्वतंत्रपणे लिहावे लागते.

कार्ड झोपले तर संदेश कसे मिळतात?

राउटर सेकंदाला साधारण १० वेळा एक छोटा संकेत प्रसारित करतो. झोपलेल्या कार्डासाठी आलेली माहिती तो स्वतःकडे राखून ठेवतो आणि तशी खूण त्या संकेतात करतो. कार्ड ठरावीक वेळी क्षणभर जागे होते, खूण पाहते आणि आपली माहिती मागवून घेते. यात वीज वाचते, पण प्रत्येक उत्तराला थोडा उशीर होतो. लॅपटॉपच मिटला असेल, तर काम आणखी वाढते. झोपण्यापूर्वी कार्डाची स्थिती जपायची आणि उठल्यावर ती पूर्ववत करून राउटरशी पुन्हा जोडणी करायची असते. यातील एक पायरी चुकली, तरी पडद्यावर वाय-फायचे चिन्ह दिसते आणि माहिती मात्र हलत नाही.

त्रास वीज गेल्यावरच का?

विंडोजच्या अनेक लॅपटॉपवर ‘बॅलन्स्ड’ या नेहमीच्या योजनेत चार्जर लावलेला असताना वाय-फाय पूर्ण क्षमतेने चालते आणि बॅटरीवर जाताच मध्यम बचतीवर येते. म्हणजे वीज जाण्याच्या क्षणीच कार्डाचे वागणे बदलते. राउटर इन्व्हर्टरवर सुरू असूनही वेग पडल्यासारखा वाटतो तो यामुळे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आता जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ किंवा लिनक्स टाकले जाईल, तेव्हा जुने कार्ड आणि नवा ड्रायव्हर यांचे किती जुळते, याचाही कस लागेल.

दोष लाइनचा की लॅपटॉपचा, हे कसे ओळखावे?

त्याच वाय-फायवर एखादा मोबाइल जोडून पाहावा. मोबाइल नीट चालतो आणि लॅपटॉप अडतो, तर लाइनला दोष देता येत नाही. मग तेच काम एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून करावे. फरक पडला तर संशय बचतीच्या सेटिंगवर जातो. राउटरपासून केबल जोडताच अडचण गेली, तर वाय-फाय कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर तपासावा.

मग बचत बंदच करावी का?

हिशेब करून ठरवावे. समजा, बॅटरी ४५ वॅट-तासांची आहे आणि लॅपटॉप १० वॅट खातो. ती साडेचार तास चालेल. कार्ड सतत जागे ठेवल्याने अर्धा वॅट जास्त लागला, तर सुमारे १३ मिनिटे कमी होतील. ज्या केंद्रात ओटीपी आणि बोटांचे ठसे वेळेत पोहोचणे महत्त्वाचे आहे, तिथे हा सौदा परवडतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये, तसेच लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ही बचत बहुधा बंद करता येते. दिवसभर बॅटरीवर फिरणाऱ्याने मात्र ती ठेवावी आणि आधी ड्रायव्हर अद्ययावत करावा.

याचा सरकारी खरेदीशी काय संबंध?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या खर्चाने गावात आलेली जोडणी शेवटच्या चार हातांवर, लॅपटॉपच्या कार्डात अडखळणार असेल, तर तो खर्च नागरिकाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून यंत्रे घेताना प्रोसेसर आणि मेमरीबरोबर एक साधी अट असावी : चार्जर काढून २० वेळा झोपवा, २० वेळा उठवा, दरवेळी जोडणी परत आली पाहिजे. ही चाचणी तासाभरात होते. ती न झाल्यास तिची किंमत रांगेत उभा असलेला माणूस बुडालेल्या रोजाने मोजतो.