संधानास घाई मानवत नाही

अरिष्टाचा रंग व वास ठीक असला म्हणजे औषध उत्तम, असा समज औषधविक्रेत्यांतच नव्हे, तर वैद्यवर्गातही आढळतो. बाटलीत भरण्यापूर्वी पिंपात काय घडले, याची चौकशी क्वचितच होते. ती व्हावयास हवी, असे आमचे मत आहे.

संधान हे विकरांचे, म्हणजेच एन्झाइमचे, कार्य होय. धायटीच्या फुलांसोबत येणाऱ्या किण्वातील इन्व्हर्टेज हे विकर गुळातील साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग करते. पुढे अन्य विकरांची मालिका त्यांपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड निर्माण करते. जिवंत पेशीवाचूनही हे घडते, हे एडुआर्ड बुख्नर यांनी 1897 मध्ये किण्वपेशी चिरडून काढलेल्या रसाने दाखविले. विकर हा उत्प्रेरक आहे. क्रिया सुरू होण्यास लागणारी ऊर्जा तो कमी करतो, स्वतः मात्र खर्ची पडत नाही. परंतु विकरे ही बहुधा प्रथिने असल्याने अति उष्णतेने निकामी होतात व गारठ्यात मंदावतात.

याचा अनुभव आम्ही उंब्रज येथे घेतला आहे. कृष्णा-तारळीच्या संगमावरील या गावी पौषातील रात्री चांगल्याच थंड असतात. अशाच एका पौषात आमचे दशमूलारिष्टाचे पीप आठवडा लोटला तरी निःशब्द राहिले. धायटीला दोष देण्यापूर्वी आम्ही उष्णतामापक बुडविला. पारा 17 अंशांवर होता. पिंपाभोवती भाताचे तूस व गोणपाट रचले आणि चौथ्या दिवशी बुडबुड्यांचा नाद कानी आला.

संधानपात्र धान्यराशीत ठेवण्याच्या शास्त्राज्ञेचे मर्म आम्हांस त्या दिवशी उमगले. ग्रंथकारांना विकरे ठाऊक होती, असा दावा करणे अप्रस्तुत होय. त्यांनी अनुकूल परिस्थिती अचूक हेरली, हे श्रेय पुरेसे मोठे आहे.

दुर्दैवाने आज मागणीच्या रेट्याखाली हीच परिस्थिती डावलली जाते. क्वाथ कोमट होण्यापूर्वीच धायटी टाकली, तर तिच्यातील किण्व मरते. बुडबुडे थांबण्यापूर्वीच पीप गाळले, तर रुग्णाच्या हाती औषधी गुळवणी पडते. मधुमेही रुग्णास त्यातून अपायही संभवतो. असे अरिष्ट पुढे बाटलीत फसफसून झाकण उडविते, हे औषधविक्रेत्यांना सांगावयास नको.

म्हणून निर्मात्यांनी प्रत्येक पिंपाची संधानारंभ व संधानपूर्तीची तारीख आणि रोजचे तापमान नोंदवावे. नाद थांबला, पेटती काडी पिंपाच्या तोंडाशी विझेनाशी झाली, म्हणजेच गाळावे. वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी ती नोंद मागून घ्यावी. विकरे आपले काम चोख करतात. त्यांना पुरेसा अवधी व उचित ऊब देणे, एवढेच आपल्या हाती आहे.